दहा युजरचा बॉक्स

गिरगावातल्या त्या जुन्या इमारतीचा जिना लाकडी होता. दुसऱ्या मजल्यावर सी.ए. साहेबांचं ऑफिस. २००३ सालचा ऑक्टोबर, टॅक्स ऑडिटची मुदत तोंडावर आलेली, टेबलांवर फायलींचे ढीग, आणि नेहमीच्या सात जणांत आर्टिकलशिपची तीन नवी मुलं येऊन बसलेली. दुपारी आमच्या नेटवर्किंगच्या दुकानात फोन आला : ‘‘नव्या मुलाच्या मशीनवर इंटरनेट येत नाही. बाकी सगळ्यांचं चालू आहे.’’ मी दादरहून लोकल पकडून चर्नी रोडला उतरलो. केबल बदलून पाहिली, स्विचचा पोर्ट बदलला, आयपी पत्ता तपासला. सगळं ठीक. शेवटी कपाटावर ठेवलेल्या फायरवॉलला लॅपटॉप लावला. ती फिकट निळी चपटी कन्सोल केबल, हायपरटर्मिनल, ९६०० चा वेग. ‘शो व्हर्जन’ दिलं आणि एंटर दाबत खाली आलो. एका ओळीवर बोट थांबलं. इनसाइड होस्ट्स : १०.

बॉक्स दहा युजरचा होता. त्या दिवशी ऑफिसात अकरावं मशीन चालू झालं होतं.

माणसं मोजून दाखवली तर दहाच भरत होती. मग अकरावा कोण? ‘शो लोकल-होस्ट’ दिलं तेव्हा कळलं की आतल्या खोलीतला जुना सर्व्हर अँटिव्हायरसच्या अपडेटसाठी दिवसभर बाहेर ये-जा करतो आणि एक जागा अडवून बसतो. कोटेशन देताना ऑफिसातल्या खुर्च्या मोजल्या होत्या, सर्व्हर धरला नव्हता. मी हे साहेबांना समजावत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातले हेडक्लार्क काका उठले. त्यांनी आपलं मशीन बंद केलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि त्या मुलाला म्हणाले, ‘‘बस बाळा, तुझं होऊ दे. मला आज लेजरच तपासायचंय.’’ बॉक्सने ती जागा लगेच सोडली नाही, थोडा वेळ गेला. तोवर सगळं ऑफिस त्या एका पडद्याकडे बघत उभं होतं. पान उघडलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं.

आज मी ज्या कामात आहे त्यात रोज टियर, म्हणजे पायरी, हा शब्द येतो. ग्राहकाला कुठल्या टियरची व्हर्च्युअल फायरवॉल द्यायची, हा आमच्या टेबलावरचा नित्याचा प्रश्न. आणि तो प्रश्न आला की मला गिरगावातले ते काका आठवतात. कारण फायरवॉलची पायरी माणसांवरून ठरते हे मी त्या दुपारी पाहिलं. तेव्हा ती उघड दिसायची. आता दिसत नाही.

त्या काळातल्या बॉक्सांची नावं अजून तोंडपाठ आहेत. पिक्स ५०१, ५०६, ५१५, ५२५, ५३५. पिक्स मुळात सिस्कोचं नव्हतं. नेटवर्क ट्रान्सलेशन नावाच्या छोट्या कंपनीत जॉन मेज आणि ब्रँटली कॉइल यांनी १९९४ मध्ये ते घडवलं आणि १९९५ च्या अखेरीस सिस्कोने ती कंपनी घेतली. नावाचं मूळ मला फार आवडतं. प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज, म्हणजे ऑफिसातल्या ईपीएबीएक्सचाच भाऊबंद. बाहेरच्या मोजक्या नंबरांवर आतली पन्नास एक्स्टेन्शन्स चालवायची, तसं मोजक्या आयपी पत्त्यांआड सगळं ऑफिस बसवायचं. ईपीएबीएक्स म्हटलं की आपल्या लोकांना चटकन समजायचं. ‘‘म्हणजे ऑपरेटर बसलाय असं समजू का?’’ असं विचारणाऱ्या शेटजींना मी मनापासून हो म्हणायचो.

५०१ एखाद्या जाड पुस्तकाएवढा. मागे चार पोर्टांचा स्विच, पंखा नाही, आवाज नाही, आत अवघी १६ एमबी मेमरी. तो तीन मापांत यायचा : दहा युजर, पन्नास युजर, अमर्याद. ५१५ मात्र रॅकमध्ये बसणारा, पत्र्याचा, गुरगुरणारा. त्यातही रिस्ट्रिक्टेड आणि अनरिस्ट्रिक्टेड असे दोन प्रकार. पहिल्यात मेमरी कमी, पोर्ट कमी आणि एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायची सोय नाही. दुसऱ्यात सगळं मोकळं. चेक पॉइंटची फायरवॉल-१ घेतली तर तीही आतले पत्ते मोजायची : २५, ५०, १००, २५०. मर्यादा ओलांडली की कन्सोलवर आतले होस्ट फार झाल्याचा संदेश पुन्हा पुन्हा उमटत राहायचा. कंपन्या वेगळ्या, देश वेगळे, पण मोजायचं माप सगळ्यांचं एकच होतं. दाराच्या आत किती जण आहेत?

म्हणून विक्रीच्या आधी मोजणी असायची. आमच्याकडे त्यासाठी एक लांबट वही होती, तिला आम्ही सर्व्हेची वही म्हणायचो. ग्राहकाच्या ऑफिसात सकाळी जायचं, रिसेप्शनपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक टेबलाशी थांबायचं. मशीन कुठलं, मेल कोण बघतं, बँकेची साइट कोणाला लागते, लाइन किती केबीपीएसची. ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर तीस-चाळीस माणसं चालवणारी ऑफिसं मी पाहिली आहेत. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं त्याला आठ वर्षं झाली होती, तरी बहुतेक ठिकाणी जोडणी ही जपून वापरायची चीज होती, पाण्याच्या टँकरसारखी. ती वही घेऊन परत आलो की आमच्या दुकानाचे साहेब विचारायचे, ‘‘पुढच्या पाच वर्षांत किती वाढतील?’’ आकडा आम्ही ग्राहकाला विचारायचो, ग्राहक आपल्या भावाला विचारायचा, आणि शेवटी सगळे मिळून एक अंदाज करायचे. पाच वर्षांचा अंदाज. त्यावर बॉक्स ठरायचा.

आणि मग तो यायचा. आयात होऊन विमानाने सहारला, तिथून डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात, शहराच्या हद्दीवर जकात. जकातीची पावती बिलाला जोडल्याशिवाय आमचे अकाउंटवाले फाइल बंद करायचे नाहीत. जीएसटी आल्यावर जुलै २०१७ मध्ये मुंबईतली जकात गेली. नव्या मुलांना हा शब्दच सांगावा लागतो. कोल्हापूरच्या बाजूला एका साखर कारखान्याला मी ५१५ बसवायला गेलो होतो तेव्हा खोका कुरिअरने पाठवायला मन धजलं नाही. रात्रीच्या एसटीत खिडकीजवळची जागा धरली, खोका मांडीवर, वरून शाल. कात्रजच्या घाटात बस वळली की दोन्ही हातांनी धरायचा. पहाटे कोल्हापूर स्टँडवर उतरलो तेव्हा मांड्या बधिर झाल्या होत्या. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात खोका उघडला तेव्हा सहा-सात जण भोवती जमले. कोणी नारळ आणला, कोणी हळदी-कुंकवाची वाटी. पत्र्यावर कुंकवाचं बोट उमटलं. पुढे कित्येक वर्षांनी तो बॉक्स उतरवला तेव्हाही ते बोट पुसट दिसत होतं.

त्या कुंकवाला एक अर्थ होता. त्या माणसांना समोर दिसत होतं की आपण काय घेतलं. पैसे मोजले, वस्तू आली, तिला वजन होतं. शेजारच्या कारखान्याने लहान घेतला, आपण मोठा घेतला, हे मीटिंगमध्ये सांगता यायचं. आज क्लाउडमधल्या फायरवॉलला हळदी-कुंकू कुठे लावणार?

पण मनाशी एक गोष्ट स्पष्ट ठेवली पाहिजे. पत्र्याचा डबा म्हणजेच टियर, हा समज तेव्हाही पूर्ण खरा नव्हता. गिरगावच्या त्या ऑफिसला आम्ही नवीन बॉक्स दिला नाही. पन्नास युजरचं लायसन्स मागवलं. काही दिवसांनी ईमेलवर अ‍ॅक्टिव्हेशन की आली, आठ-आठ अक्षरांचे चार गट. मी दुकानातून फोनवर वाचत होतो आणि तिकडे तोच आर्टिकल मुलगा एकेक अक्षर टाइप करत होता. ‘‘बी फॉर बॉम्बे की डी फॉर दादर?’’ तीनदा चुकलं, चौथ्यांदा लागलं. बॉक्स रीस्टार्ट झाला. त्याने ओळ वाचून दाखवली : ‘‘इनसाइड होस्ट्स, फिफ्टी.’’ डबा तोच. तीच १६ एमबी मेमरी, तेच चार पोर्ट. कपाटावरून खालीसुद्धा काढला नव्हता. बदलली होती ती फक्त बत्तीस अक्षरं. मी रिसीव्हर ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आपण विकतो ते नक्की काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

त्या प्रश्नाचं उत्तर व्हर्च्युअल फायरवॉल आली तेव्हा उघड्यावर आलं.

पालो आल्टोची व्हीएम-सिरीज २०१२ मध्ये निघाली. व्हीएम-१००, २०० आणि ३००. माझ्या हातात आली ती एक फाइल. ईएसएक्स सर्व्हरवर ती चढवायची, व्हर्च्युअल स्विच जोडायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांत फायरवॉल लॉगिन मागायला तयार. खोका नाही, स्क्रू नाहीत, पंख्याचा आवाज नाही. आणि महत्त्वाचं असं की तिन्ही मॉडेलांची फाइल एकच. कागदावरचा वेगही तिन्हींचा सारखा, एक गिगाबिट. फरक होता तो मर्यादांचा. शंभरला एका वेळी ५०,००० सेशन, दोनशेला एक लाख, तीनशेला अडीच लाख. नियम किती लिहिता येतील, झोन किती करता येतील, व्हीपीएनचे बोगदे किती काढता येतील, त्याचीही तशीच उतरंड. म्हणजे गिरगावातली ती बत्तीस अक्षरंच, फक्त आता डबाही उरला नव्हता.

सेशन म्हणजे काय, हे ग्राहकाला सांगताना माझी पहिल्यांदा अडचण झाली. युजर म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं, तो समोर खुर्चीत बसलेला असायचा. सेशन दिसत नाही. एका माणसाने एक बातमीचं पान उघडलं तर त्यामागे जाहिराती, फोटो, मोजणी करणाऱ्या साइट्स असे कितीतरी धागे सुटतात, आणि प्रत्येक धागा हे एक सेशन. त्यात त्याचा मोबाइल वायफायवर, त्यात मेल, त्यात मागे चालणारे अपडेट. २००३ मधला एक माणूस आणि आजचा एक माणूस यांच्यात फायरवॉलच्या हिशेबी जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून माणसं मोजून टियर ठरवणं कंपन्यांनी सोडलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. माणूस हे माप पुरेनासं झालं होतं.

मग प्रत्येकाने आपापलं माप काढलं. फोर्टिनेटने सरळ प्रोसेसरचे कोअर मोजले. व्हीएम-०१ म्हणजे एक कोअर, ०२ म्हणजे दोन, मग ०४, ०८, १६, ३२. सुरुवातीला त्याबरोबर मेमरीचीही मर्यादा असायची, पुढे ती उठवली. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्या पत्र्याच्या बॉक्समध्ये खास घडवलेल्या चिप असतात, पॅकेट हलवायचं बरंचसं काम त्या करतात. व्हर्च्युअलमध्ये त्या चिप नाहीत. सगळा भार सर्व्हरच्या सामान्य प्रोसेसरवर. मग जितके कोअर तितकी ताकद, हे माप त्या जागी खरंच शोभतं. सोफॉसने कोअर आणि मेमरी दोन्ही नावातच घातली : १सी४ म्हणजे एक कोअर, चार जीबी; ४सी६ म्हणजे चार कोअर, सहा जीबी. नाव वाचलं की माप कळलं. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, वाण्याच्या दुकानातल्या वजनासारखी.

आपल्याकडच्या सायबरोमचं उदाहरण मला जास्त जवळचं. अहमदाबादची कंपनी. त्यांचा भर असायचा तो माणसावर. कुठल्या पत्त्यावरून रहदारी आली यापेक्षा ती कोणाची आहे, हे नावानिशी ओळखणं. नेटवर्कचे सात थर शिकवतात, त्यावर आठवा थर माणसाचा, असं ते म्हणायचे. कॉलेजांत, सहकारी संस्थांत ते खूप चाललं, कारण तिथे एका मशीनवर चार जण बसायचे. त्याच कंपनीने व्हर्च्युअल फायरवॉल काढली तेव्हा मॉडेलांची नावं आली सीआरआयव्ही-१सी, २सी, ४सी, ८सी, १२सी. म्हणजे माणूस हा आठवा थर मानणाऱ्यांनीही माप कोअरचंच घेतलं. २०१४ मध्ये सोफॉसने सायबरोम घेतली. जुन्या ग्राहकांकडची ती हिरवी-पांढरी पानं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत : युजरचं नाव, त्याने किती वेळ काय पाहिलं, दिवसाचा कोटा किती उरला.

सिस्कोने वेगाचं माप धरलं. त्यांच्या एएसएव्ही या व्हर्च्युअल फायरवॉलची सुरुवातीच्या काळातली नावं ५, १०, ३० अशी. पाचला शंभर मेगाबिट, दहाला एक गिगाबिट, तीसला दोन. पुढे नव्या पिढीच्या एफटीडीव्हीत तर २०२१ पासून पुरती शिडीच उभी राहिली. एफटीडीव्ही-५ ला १०० मेगाबिट, १० ला एक गिगाबिट, २० ला तीन, ३० ला पाच, ५० ला दहा, १०० ला सोळा. बाहेरून व्हीपीएनने येणाऱ्यांची मोजणीही त्यातच : पाचव्या पायरीवर ५०, मधल्या तिन्हींवर २५०, पन्नासला ७५०, शंभरला दहा हजार. सॉफ्टवेअर एकच, मर्यादा लायसन्सने घातलेली. एएसएव्हीला लायसन्सच दिलं नाही तर ती चालू होते, पण १०० किलोबिटवर. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सर्व्हेच्या वहीच्या काळातली ६४ ची लाइन आठवली. त्या वेळी अख्खं ऑफिस जेवढ्यावर चालायचं, त्याच्या दीडपटीला आज बंद पडल्यात जमा म्हणतात.

आणि मग क्लाउडवाले आले, त्यांनी आकडेच काढून टाकले. मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला अझ्युरचा विभाग २०१५ मध्ये सुरू झाला. अझ्युर फायरवॉल २०१८ मध्ये आली, तीच पुढे स्टँडर्ड म्हणवली गेली. २०२१ मध्ये प्रीमियम आणि २०२३ मध्ये बेसिक. गूगलने इसेन्शियल्स, स्टँडर्ड, एंटरप्राइज असे तीन शब्द घेतले. अ‍ॅमेझॉनच्या बाजारात पालो आल्टो घ्यायला गेलं तर बंडल एक, बंडल दोन अशी नावं दिसायची. राइस प्लेट, साधी थाळी, स्पेशल थाळी. इथे पायरी फक्त वेगाची नाही, ताटात काय वाढलंय याची आहे. अझ्युरच्या बेसिकला २५० मेगाबिटची मर्यादा आहे हे खरं, पण प्रीमियम घ्यायचं ते वेगासाठी नव्हे. कुलूपबंद रहदारी उघडून आत पाहायची असेल, हल्ल्याच्या खुणा ओळखून तिथल्या तिथे अडवायचं असेल, तर प्रीमियमच लागतं.

इथे मला एक सांगावंसं वाटतं, कारण यात लोक फसतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. पिक्सच्या काळात दहा युजरचा बॉक्स आणि अमर्याद युजरचा बॉक्स एकाच तऱ्हेने राखण करायचे. लहान दुकानदाराच्या दारातला पहारेकरी आणि मोठ्या कंपनीच्या दारातला पहारेकरी सारखेच जागे असायचे, फक्त किती जणांच्या दारात उभं राहायचं ते वेगळं. आता खालच्या टियरमधल्या पहारेकऱ्याला पिशव्या उघडायची परवानगीच नसते. तो चेहरे बघतो आणि आत सोडतो. आजची बहुतेक रहदारी कुलूपबंद पिशव्यांतूनच येते. मग सातारा-सांगलीकडची एखादी पतसंस्था स्वस्त म्हणून खालची पायरी निवडते, आणि तिला वाटतं फायरवॉल आहे म्हणजे सगळं आहे. नाव एकच असल्यामुळे तसं वाटणारच. पायरी वाटते वेगाची, आणि फरक मात्र पहाऱ्याचा, अशी गल्लत होते तिथे ग्राहकाशेजारी बसून सांगणारं कोणीतरी हवंच.

डेटाशीटचंही तेच. एका ओळीत लिहिलेला मोठा आकडा हा बहुधा मोठ्या, सुटसुटीत पॅकेटांवर मोजलेला असतो. तपासण्या एकामागून एक चालू केल्या की तो खाली येतो, कुलूप उघडून बघायला लागलं की आणखी खाली. सर्व्हेच्या वहीच्या काळातही हे होतं, पण तेव्हा ६४ केबीपीएसच्या लाइनला कुठलाही बॉक्स पुरून उरायचा. लाइन बारीक होती म्हणून आमचे अंदाज झाकले जायचे. आता लाइन फुगली आहे आणि फायरवॉल अरुंद दार झाली आहे.

तरी जुन्याची ओढ वाटते म्हणून नव्याने दिलेलं विसरायचं नाही. मार्च २०२०. टाळेबंदीची घोषणा झाली त्या रात्री चाकणच्या एका कारखान्यातून फोन आला. कार्यालयातले दोनेकशे लोक दुसऱ्या दिवसापासून घरी, ड्रॉइंग आणि हिशेब सगळे आतल्या सर्व्हरवर. तिथला जुना बॉक्स पंचवीस जणांच्या व्हीपीएनलाच दमला होता. नवा बॉक्स मागवायचा म्हटलं तर विमानं बंद, गोदामं बंद, रस्त्यावर नाके. मी डोंबिवलीला घरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर. त्यांच्या सर्व्हरवर थोडी जागा शिल्लक होती. फाइल चढवली, लायसन्स मेलवर आलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २५० जणांच्या टियरवर फायरवॉल उभी राहिली. आठवडा गेला आणि पुरवठादारांना, पाळीच्या सुपरवायझरांनाही आत घ्यायची वेळ आली. रात्री साडेअकराला ती बंद केली, एकाचे चार कोअर केले, दोन जीबीची मेमरी आठ केली, ७५० जणांचं लायसन्स लावलं, परत चालू केली. बाराच्या आत काम संपलं होतं. तिकडे एकटा राहिलेला आयटीचा मुलगा फोनवर होता, तो म्हणाला, ‘‘सर, झालं? एवढंच?’’ एवढंच. एसटी नाही, खोका नाही, पाच वर्षांचा अंदाज नाही. त्या रात्री मी टेबलाशी बसून मनोमन या नव्या रीतीचे आभार मानले. पिक्सच्या दिवसांत तो कारखाना ठप्प झाला असता आणि मी हात बांधून बघत राहिलो असतो.

पायऱ्या आपल्या नकळत सरकतात, हेही या नव्या काळातच पाहिलं. २०१७ मध्ये पालो आल्टोची आठवी आवृत्ती आली तेव्हा व्हीएम-१०० ची मर्यादा ५०,००० सेशनवरून अडीच लाखांवर गेली, तेच लायसन्स, फक्त मेमरी वाढवून द्यायची. १०० आणि २०० एकाच मापात आले. वर ५०० आणि ७०० आले, ७०० ला तर एक कोटी सेशन. आता तर मॉडेल हा प्रकारच मागे पडत चाललाय. क्रेडिट विकत घ्यायचे आणि लागतील तितके कोअर, लागतील त्या सेवा त्यातून वळत्या करायच्या. क्लाउडमध्ये तासावर भाडं. एसटीडी बूथवरचा तो लाल आकड्यांचा मीटर आठवतो, बोलता बोलता नजर तिकडे जायची तो. महिन्याचं बिल येतं तेव्हा कारखान्याचे अकाउंटंट मला तशाच नजरेने विचारतात, ‘‘रात्री कोणी नसतं, तेव्हा हे चालू का असतं?’’ मी सांगतो की चोर रात्रीच येतो. पटतं त्यांना, पण पत्र्याचा बॉक्स बघून जेवढं पटायचं तेवढं नाही.

मला आठवण येते ती मोजणीची. ऑफिसात एक दिवस घालवायचा त्याची. आता टियर ठरवायला एक फॉर्म असतो, त्यात बँडविड्थ किती, सेशन किती, व्हीपीएन किती असे रकाने. ग्राहकाकडचा कोणीतरी घाईत भरतो. मागच्या महिन्यात असाच एक फॉर्म माझ्याकडे आला, ठाण्याच्या एका रोगनिदान केंद्राचा. युजर : ४०. टियर : सगळ्यात खालचा. आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी कोटेशन करायला बसली होती. तिला म्हटलं, आज हे बंद कर आणि तिकडे जाऊन ये. रिसेप्शनपासून सुरुवात कर, प्रत्येक टेबलाशी थांब. ती गोंधळली, पण गेली. माझ्या कपाटात सर्व्हेची जुनी वही होती, मागची पानं कोरी. तीच दिली.

संध्याकाळी ती आली तेव्हा सहाची लोकल चुकली होती आणि ओढणी पावसाने भिजलेली होती. वही तिने पिशवीत प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती. पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. माणसं ४३. मोबाइल ६१, काहींकडे दोन. कॅमेरे १६. हजेरीची यंत्रं २. एमआरआयचं यंत्र, दर रात्री परदेशी कंपनीच्या सर्व्हरला माहिती पाठवतं. रक्त तपासणीची ५ यंत्रं, त्यांतली ३ वायफायवर. घरून रिपोर्ट बघणारे डॉक्टर ११, त्यांतले दोघे अमेरिकेतून. वेटिंग रूमचं फुकट वायफाय, पासवर्ड भिंतीवर लिहिलेला, सगळ्या यंत्रांच्याच नेटवर्कवर. आणि शेवटी पेन्सिलने, बाजूला : जिन्याखालच्या खोलीत एक जुना सर्व्हर चालू आहे, कशासाठी ते कोणालाच माहीत नाही.

‘‘सर, हा मोजायचा का?’’ तिने विचारलं.

मी म्हटलं, तो सगळ्यात आधी.